आधी फुटेज तपासा, मग पार्ट निवडा : गेमिंग आणि व्हिडिओ एडिटिंगसाठी कॉम्प्युटर असेंबल करताना

"गेमिंगही करायचंय आणि एडिटिंगही, बजेट एवढं आहे, काय घेऊ?" असं विचारलं की दुकानदार बजेटात बसणारी पार्टांची यादी काढून देतो. पण तुमचा कॅमेरा कोणत्या प्रकारची फाइल लिहितो हे त्या यादीला माहीत नसतं. गेमिंगला सुसाट असलेलं मशिन टाइमलाइनवर दोन क्लिप टाकताच अडखळू लागतं, तेव्हा बहुतेक वेळा पार्ट कमी ताकदीचे नसतात, त्या फाइलशी न जुळणारे असतात. म्हणून या लेखात फाइलपासून सुरुवात करून पार्टांकडे जाऊ. भाव सतत हलत असल्याने रुपये दिलेले नाहीत. कुठे पैसा घालायचा आणि कुठे हात आखडायचा, ते मात्र स्पष्ट सांगतो.

पहिली पायरी : स्वतःचं फुटेज ओळखा

मीडियाइन्फो नावाचा मोफत प्रोग्रॅम उतरवून घ्या आणि तुमच्या नेहमीच्या शूटमधली एक क्लिप त्यात उघडा. तीन गोष्टी कागदावर लिहा. कोडेक (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) कोणता आहे, म्हणजे एच.२६४ की एच.२६५ (यालाच एचईव्हीसी म्हणतात). फाइल ८ बिट आहे की १० बिट, म्हणजे रंगछटा किती बारीक साठवल्या आहेत. आणि रंगांची साठवण ४:२:० आहे की ४:२:२ (दुसऱ्यात रंगांची माहिती जास्त असते).

तिसरी नोंद सगळ्यात महत्त्वाची. दाबून लहान केलेला व्हिडिओ प्ले करताना प्रत्येक फ्रेम पुन्हा उलगडावी लागते. हे काम ग्राफिक चिपमधला स्वतंत्र भाग करतो, तेव्हा टाइमलाइन पाण्यासारखी वाहते. त्या भागाला तो प्रकार समजत नसेल तर सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि प्लेबॅक तुटायला लागतो.

मोबाइल, ॲक्शन कॅमेरा आणि साधे ड्रोन बहुतेक वेळा ४:२:० मध्येच रेकॉर्ड करतात. ते आजचं कोणतंही ग्राफिक कार्ड सहज उलगडतं. त्यामुळे तुमचं सगळं काम मोबाइल आणि ड्रोनवरचं असेल तर प्रोसेसर कोणत्या कंपनीचा घ्यावा यावर डोकं शिणवू नका.

सोनी, कॅनन, फुजीफिल्म यांचे मिररलेस कॅमेरे १० बिट ४:२:२ देऊ लागले आणि लग्नाचं शूटिंग करणाऱ्या आपल्या अनेक जणांनी ते घेतले, तिथून प्रश्न सुरू झाला. एनव्हिडियाची आरटीएक्स २०, ३० आणि ४० ही मालिका ४:२:२ उलगडत नाही. एएमडीच्या रेडिऑन कार्डांतही ती सोय नाही. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये मात्र ११व्या पिढीपासून, अंगच्या ग्राफिक्समधल्या क्विक सिंक या व्हिडिओ उलगडणाऱ्या भागामुळे, एच.२६५ ४:२:२ सहज चालतं. म्हणूनच बरीच वर्षं 'एडिटिंगला इंटेलच घे' असा सल्ला मिळायचा आणि तो बरोबर होता.

२०२५च्या जानेवारीत आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेने चित्र बदललं. ही कार्डं एच.२६४ आणि एच.२६५ या दोन्हींतलं ४:२:२ उलगडतात. सोनीच्या एक्सएव्हीसी एस प्रकारातलं १० बिट फुटेज एच.२६४ असतं आणि एक्सएव्हीसी एचएस हे एच.२६५. क्विक सिंकची मदत प्रामुख्याने दुसऱ्यालाच होते. कॅमेऱ्याच्या मेनूत तुम्ही काय निवडलंय, यावरून कोणतं कार्ड घ्यायचं ते ठरू शकतं. एडिटिंग सॉफ्टवेअरची आवृत्ती नवी हवी, हेही लक्षात असू द्या.

आणि हे सगळं वाचून लगेच नवं मशिन घ्यायला निघाला असाल तर थोडं थांबा. आहे त्या कॉम्प्युटरवर प्रॉक्सी बनवून पाहा. मूळ क्लिपच्या हलक्या प्रती करून त्यावर कट लावायचे आणि शेवटी एक्सपोर्ट मूळ फाइलमधून करायचा. महिन्याला एखाददुसरा प्रोजेक्ट असेल तर अनेकांचं काम एवढ्यावरच भागतं.

दुसरी पायरी : सॉफ्टवेअर आणि गेम लिहून काढा

दा विंची रिझॉल्व्हचा भर ग्राफिक कार्डावर असतो. कलर ग्रेडिंग, नॉइज रिडक्शन, फ्यूजन हे सगळं कार्डाच्या मेमरीत घडतं आणि ८ जीबी मेमरीचं कार्ड ४के टाइमलाइनवर लवकर भरून जातं. त्याच्या मोफत आवृत्तीत एक्सपोर्ट ३८४०×२१६० आणि ६० फ्रेमपर्यंतच होतो. नॉइज रिडक्शन पैसे भरून घ्यायच्या स्टुडिओ आवृत्तीत आहे आणि हार्डवेअर डिकोडिंगचा पूर्ण फायदाही तिथेच मिळतो. रिझॉल्व्हवर रोज काम असेल तर कार्ड एक पायरी खालचं घेऊन उरलेल्या पैशांत स्टुडिओचं लायसन्स घ्या, असं मी आग्रहाने सांगेन.

प्रीमियर प्रो प्रोसेसर आणि क्विक सिंक या दोन्हींचा चांगला उपयोग करतो. लग्नाच्या एडिटिंगमध्ये अजूनही भरपूर वापरला जाणारा एडियसही क्विक सिंकवर खूश असतो. आफ्टर इफेक्ट्सला सगळ्यांत जास्त भूक रॅमची.

गेमचे ढोबळ दोन गट पडतात. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ यांसारख्या स्पर्धात्मक गेमना फ्रेमरेट जास्त हवा असतो आणि तिथे प्रोसेसर महत्त्वाचा. सायबरपंक २०७७सारख्या चित्रमय, रे ट्रेसिंगवाल्या गेममध्ये ग्राफिक कार्डाचा कस लागतो. तुम्ही खरोखर काय खेळता ते लिहा. "पुढे खेळेन" म्हणून यादीत घातलेले गेम बजेट फुगवतात.

मॉनिटरही याच पायरीवर ठरवा, कारण कार्ड त्याच्या मापाने घ्यायचं असतं. दोन्ही कामांसाठी २७ इंची, २५६०×१४४० रिझोल्युशनचा, आयपीएस पॅनलचा, १४४ हर्ट्झ किंवा वरचा मॉनिटर हा माझ्या मते सर्वांत समंजस पर्याय आहे. १०० टक्के एसआरजीबी (पडद्यावरच्या रंगांचं सर्वसाधारण मानक) रंगकक्षा असल्याशिवाय घेऊ नका. मॉनिटरवर पैसे वाचवले तर नवरीच्या शालूचा रंग तुमच्याकडे एक आणि क्लायंटच्या टीव्हीवर दुसराच दिसतो.

तिसरी पायरी : ग्राफिक कार्ड

एकूण बजेटचा साधारण ३५ ते ४० टक्के वाटा इथे जाईल. जाऊ द्या. पण ८ जीबी मेमरीचं कार्ड घेऊ नका. आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी ही दोन्ही कार्डं ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत येतात, नाव मात्र एकच. बिलावर आणि खोक्यावर '१६ जीबी' लिहिलेलं स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

४:२:२ फुटेज असेल, किंवा ब्लेंडरसारखं कुडा (एनव्हिडियाचं स्वतःचं तंत्र) वापरणारं सॉफ्टवेअर असेल, तर आरटीएक्स ५० मालिकेकडे जा. ५०६० टीआय १६ जीबीपासून सुरुवात होते. ५०७० हे गेमिंगमध्ये बरंच पुढे आहे पण त्याची मेमरी १२ जीबी. ५०७० टीआय पुन्हा १६ जीबीवर येतं आणि १४४० गेमिंग व ४के एडिटिंग दोन्ही आरामात पेलतं, फक्त किंमत मोठी उडी घेते. या उडीचे पैसे एडिटिंगच्या कमाईतून निघणार असतील तरच ती घ्या.

फुटेज ४:२:० असेल आणि गेमिंगला झुकतं माप असेल तर एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी किंवा आरएक्स ९०७० हे पैशाला जास्त फ्रेम देतात. नावामागच्या ब्रँडची भक्ती इथे उपयोगाची नाही.

एकाच चिपची पाच-सहा कंपन्यांची कार्डं मिळतात. त्यांच्या वेगातला फरक अगदी किरकोळ असतो. आवाज, तापमान, वॉरंटीची वर्षं आणि सर्व्हिस सेंटर तुमच्यापासून किती लांब आहे, एवढ्यावर निवड करा.

चौथी पायरी : प्रोसेसर आणि मदरबोर्ड एकत्रच

हे दोन पार्ट वेगवेगळे निवडता येत नाहीत. सॉकेट, म्हणजे बोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा, जुळायला हवं.

एएमडीचं एएम५ सॉकेट २०२२मध्ये आलं आणि २०२७ व त्यापुढेही त्याला आधार देण्याचं कंपनीने जाहीर केलेलं आहे. म्हणजे आज सहा कोअरचा रायझन ५ ७६०० बसवून काही वर्षांनी त्याच बोर्डवर मोठा प्रोसेसर घालता येईल. हप्त्याहप्त्याने मशिन वाढवणाऱ्यांना हे फार सोयीचं आहे. ७६००सोबत खोक्यात कूलरही येतो.

फक्त गेमिंगचा विचार केला तर रायझन ७ ७८००एक्स३डी आणि ९८००एक्स३डी यांचा दबदबा आहे. यांच्यात ९६ एमबीचा एल३ कॅशे (चिपमधलीच वेगवान मेमरी) असतो, साध्या ७६००च्या तिप्पट, आणि गेमना तो मानवतो. एडिटिंगला या जादा कॅशेचा विशेष फायदा नाही. तिथे कोअर हवेत. म्हणून रेंडरिंगवर पोट असणाऱ्याने त्याच पैशांत बारा कोअरचा रायझन ९ किंवा वीस कोअरचा इंटेल कोअर अल्ट्रा ७ २६५के पाहावा. २६५केला क्विक सिंकही मिळतं. प्रीमियर किंवा एडियसवर रोज आठ तास बसणाऱ्यासाठी मी तोच सुचवेन. मात्र एएमडीने जाहीर केलं तसं लांब पल्ल्याचं आश्वासन इंटेलच्या सॉकेटला नाही, हे धरून चाला.

इंटेल घेताना मॉडेल नंबरच्या शेवटी 'एफ' असेल तर त्यात ग्राफिक्स नसतात, म्हणजे क्विक सिंकही नसतं. थोडे पैसे वाचतात आणि एडिटिंगचा मोठा आधार जातो. १३व्या-१४व्या पिढीचा वरच्या श्रेणीतला प्रोसेसर घेत असाल तर व्होल्टेजमुळे चिप हळूहळू अस्थिर होण्याचा जो दोष २०२४मध्ये उघड झाला, त्यावरची दुरुस्ती (मायक्रोकोड) बायोसच्या, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सॉफ्टवेअरच्या, अपडेटमधून येते. विंडोज टाकण्याआधी तो अपडेट करा. यातले जुने, वापरलेले प्रोसेसर मी घेणार नाही.

घरात जुनी डीडीआर४ रॅम पडून असेल तर १२व्या ते १४व्या पिढीच्या इंटेलसाठी डीडीआर४वाले बोर्डही निघालेले आहेत. १४५०० सारखा १४ कोअरचा प्रोसेसर त्यावर बसवला तर कमी खर्चात चांगलं एडिटिंग मशिन उभं राहतं.

एएमडीच्या प्रोसेसरला मदरबोर्ड बी६५० किंवा बी८५० श्रेणीचा पुरतो. त्याहून वरचे बोर्ड हौसेचे. बघायचं ते एवढंच : एम.२ स्लॉट (एसएसडी बसवायची जागा) किमान दोन, शक्य तर तीन; मागे पुरेसे यूएसबी; आणि प्रोसेसरशिवाय बायोस अपडेट करायचं बटण. रायझन ९००० मालिका घेऊन जुन्या स्टॉकमधला बी६५० बोर्ड जोडला तर मशिन सुरूच होत नाही असं होऊ शकतं. त्या वेळी हे बटण कामी येतं.

पाचवी पायरी : रॅम

३२ जीबी, १६च्या दोन पट्ट्या. आफ्टर इफेक्ट्स किंवा लांबलचक ४के प्रोजेक्ट असतील तर ३२च्या दोन, म्हणजे ६४. एएम५ बोर्डवर ६०००चा वेग आणि सीएल३० (प्रतिसादाला लागणारा वेळ, कमी तितका चांगला) ही जोडी उत्तम चालते. चार पट्ट्या लावल्या की डीडीआर५चा वेग खाली येतो, म्हणून 'आता दोन घेऊ, पुढे दोन वाढवू' हा बेत एएम५वर नको. एकच पट्टी लावणं तर त्याहून वाईट.

२०२५च्या उत्तरार्धापासून एआय डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमचे भाव जगभर चढले. त्यामुळे रॅमचा वाटा पूर्वीपेक्षा मोठा धरा आणि आकर्षक रोषणाईवाली पट्टी सोडून साधी घ्या.

सहावी पायरी : साठवण

हिशेब सोपा आहे. कॅमेरा १०० मेगाबिट प्रति सेकंद या दराने लिहीत असेल तर तासाला ४५ जीबी होतात. दोन कॅमेऱ्यांवर सहा तासांचं लग्न म्हणजे ५४० जीबी. यावर कॅशे आणि एक्सपोर्टची जागा वेगळी.

म्हणून एम.२ स्लॉटमध्ये बसणारे दोन वेगवान एनव्हीएमई एसएसडी घ्या. एका १ टीबीवर विंडोज, सॉफ्टवेअर आणि गेम. दुसऱ्या २ टीबीवर चालू प्रोजेक्ट. चौथ्या पिढीचा एसएसडी सेकंदाला ७००० एमबीपर्यंत वाचतो, साटा एसएसडी ५५०च्या आसपास थांबतो. पाचव्या पिढीच्या महाग एसएसडीचा एडिटिंगमध्ये जाणवेल असा फरक पडत नाही, त्यावर खर्च करू नका. टीएलसी प्रकारचाच एसएसडी घ्या. स्वस्त क्यूएलसी एसएसडी मोठी कॉपी चालू असताना आतला वेगवान भाग भरला की एकदम मंदावतो, कधी कधी हार्ड डिस्कच्याही खाली जातो.

पूर्ण झालेलं काम ४ किंवा ८ टीबीच्या हार्ड डिस्कवर ठेवा. आणि तिची आणखी एक प्रत कॉम्प्युटरबाहेर, वेगळ्या डिस्कवर. लोकांच्या आयुष्यातला तो दिवस पुन्हा शूट करता येत नाही.

सातवी पायरी : एसएमपीएस, यूपीएस आणि अर्थिंग

बजेट संपत आलं की कात्री इथेच लागते आणि नुकसानही इथूनच होतं. एसएमपीएस (मशिनला वीज पुरवणारा पार्ट) बिघडताना एकटा जात नाही, सोबत मदरबोर्ड किंवा कार्ड घेऊन जाऊ शकतो.

बेरीज करा. आरटीएक्स ५०७० जास्तीत जास्त २५० वॅट खातं, ५०७० टीआय ३००, ५०६० टीआय १८०. प्रोसेसर ९० ते २५० वॅट. बाकी सगळ्याला ७५ धरा. या बेरजेवर तीस-चाळीस टक्के जादा ताकद धरली की ५०६० टीआयसाठी ६५० वॅट आणि ५०७० किंवा ५०७० टीआयसाठी ७५० वॅट असा आकडा येतो. २६५के आणि ५०७० टीआय अशी जोडी असेल तर ८५०. ८० प्लस गोल्ड (कार्यक्षमतेचा दर्जा), नावाजलेली कंपनी आणि शक्यतो एटीएक्स ३.१ हे नवं मानक. कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारा एसएमपीएस या मशिनमध्ये बसवू नका.

यूपीएसवर लिहिलेले व्हीए म्हणजे वॅट नव्हेत. साधारण १००० व्हीएच्या यूपीएसला ६०० वॅटच चालतात. ५०७०सोबत कमी वॅटचा प्रोसेसर असेल तर, मॉनिटर धरून, तेवढा पुरेसा आहे. तो एक्सपोर्ट संपवण्यासाठी नसून फाइल सेव्ह करून मशिन नीट बंद करण्यासाठी आहे. आजच्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी (वीज सुरळीत खेचणारं सर्किट) असतं आणि काही स्वस्त यूपीएसच्या चौकोनी लाटेवर ते बंद पडतात. शुद्ध साइन वेव्ह यूपीएस परवडला तर तोच घ्या. नाहीतर घेतल्यावर पहिल्याच दिवशी, गेम चालू असताना, यूपीएसचा प्लग काढून तपासा.

आणि इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग बघून घ्या. कॅबिनेटच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर मशिन वापरू नका. जुन्या घरांत तीन पिनचा सॉकेट असतो पण मागे अर्थिंगची तारच जोडलेली नसते.

आठवी पायरी : उष्णता

परदेशी रिव्ह्यूमधली तापमानं २१ ते २५ अंशांच्या खोलीतली असतात. मे महिन्यात चंद्रपुरात किंवा नागपुरात एसी नसलेल्या खोलीत ३८ अंश असतील, तर रिव्ह्यूतल्या प्रत्येक आकड्यात चौदा-पंधरा मिळवा. रायझनची मर्यादा ९५ अंश आहे (७८००एक्स३डीची ८९). ती गाठली की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो आणि रेंडर लांबतो.

दोन टॉवरचा चांगला एअर कूलर बहुतेकांना पुरतो. त्यात पंख्याशिवाय बिघडण्यासारखं काही नाही. कॅबिनेट पुढून जाळीदार हवं. काचेचं तोंड असलेलं दिसायला छान, पण आपल्या उन्हाळ्यात नको. पुढे दोन पंखे हवा आत घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा, पुढच्या जाळीला काढून धुता येईल असा डस्ट फिल्टर. कूलरची उंची (बरेच १५५ ते १६० मिमी असतात) आणि कार्डाची लांबी कॅबिनेटच्या मापाशी ताडून पाहा. कोकणात आणि गोव्यात मशिन खिडकीजवळ ठेवू नका. खारी दमट हवा जोडण्या खाते.

खरेदी

लॅमिंग्टन रोडवर, दिल्लीच्या नेहरू प्लेसला किंवा बंगळुरूच्या एसपी रोडला जाल तर यादी लिहून न्या आणि किमान तीन दुकानांत भाव काढा. ऑनलाइन भावही हाताशी ठेवा. "हा स्टॉकमध्ये नाही, याच्यासारखाच दुसरा देतो" असं म्हटल्यावर एसएमपीएस, एसएसडी आणि कार्डाची मेमरी या तीन बाबतींत बदल मान्य करू नका.

जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या. कॉम्प्युटर पार्टांवर १८ टक्के जीएसटी आहे. तुमच्या स्टुडिओची जीएसटी नोंदणी असेल तर त्याचं इनपुट क्रेडिट मिळू शकतं, आपल्या सीएला विचारा. बिलाशिवाय स्वस्तात मिळणाऱ्या बाहेरून आणलेल्या कार्डाला भारतात वॉरंटी मिळेलच असं नाही.

जोडणी आणि पहिला आठवडा

दुकानात जोडून घेत असाल तरी समोर बसा. कूलरच्या तळाचं प्लॅस्टिक काढलं का, बोर्डवर रॅमचे चार स्लॉट असतील तर रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये आहे का, कार्डाचा पॉवर कनेक्टर शेवटपर्यंत बसला का, एवढं पाहा. डीडीआर५ मशिन पहिल्यांदा सुरू होताना काही मिनिटं पडदा काळा राहतो. रॅमची जुळणी चाललेली असते, घाबरून बंद करू नका.

नंतर बायोसमध्ये जाऊन एक्सपो किंवा एक्सएमपी (रॅमचा पूर्ण वेग लागू करणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर ६०००ची रॅम मूळच्या कमी वेगावरच चालत राहते. मॉनिटरची केबल मदरबोर्डला नव्हे तर ग्राफिक कार्डाला लावा. इंटेल असेल तर अंगचे ग्राफिक्स बायोसमध्ये चालू ठेवा, त्याशिवाय क्विक सिंक दिसत नाही. विंडोज ११ टाका. १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. डिस्प्ले सेटिंगमध्ये ६० हर्ट्झ बदलून मॉनिटरचा पूर्ण दर निवडा.

रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ रात्रभर चालू ठेवा. दुसऱ्या दिवशी ओसीसीटी या चाचणीच्या प्रोग्रॅमने प्रोसेसर आणि कार्डावर एकाच वेळी तासभर भार टाका आणि एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमान पाहत राहा. मग मीडियाइन्फोत तपासलेली तीच क्लिप टाइमलाइनवर टाका, टास्क मॅनेजर उघडा आणि कार्डाच्या किंवा इंटेल ग्राफिक्सच्या 'व्हिडिओ डिकोड' आलेखाकडे बघा. तो हलत असेल तर जुळणी बरोबर झाली. सपाट असेल आणि प्रोसेसर शंभर टक्क्यांवर असेल तर आधी ड्रायव्हर, मग सॉफ्टवेअरमधली हार्डवेअर डिकोडिंगची सेटिंग, मग सॉफ्टवेअरची आवृत्ती, या क्रमाने तपासा. सुरुवातीच्या दिवसांत दोष सापडला तर दुकानदार अनेकदा पार्ट बदलून देतो. मुदत उलटली की सर्व्हिस सेंटरच्या फेऱ्या सुरू होतात, म्हणून या चाचण्या पुढे ढकलू नका आणि सगळे खोके वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर जपून ठेवा.